मैदान कोणासाठी खुले झाले?

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. त्यानंतर त्या तीन वर्षांचा ताळेबंद मांडण्याचे काम जगभर सुरू झाले. रुग्णालयांतील खाटा, बंद पडलेले कारखाने, भर उन्हात पायी गावाकडे निघालेले मजूर, लशींवरील मूठभर कंपन्यांची मक्तेदारी या विषयांवर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. परंतु समाजाची घडण मोठ्या प्रश्नांइतकीच लहान प्रश्नांतूनही उघडी पडत असते. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या मैदानी स्पर्धांचा २०२१ सालचा हंगाम हा असाच एक लहान प्रश्न होता. निर्बंधांच्या काळात शाळकरी मुलांनी धावावे की नाही, धावायचे तर किती जणांनी, कोठे, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने, हे ठरविण्याची वेळ त्या देशावर आली. जगातील सर्वांत धनाढ्य देशाने हा साधा प्रश्न कसा हाताळला हे पाहिले म्हणजे नियोजन या शब्दाचा अर्थ आणि त्याच्या अभावाचे परिणाम, दोन्ही एकदम ध्यानात येतात.

गरिबाघरच्या मुलांचा खेळ

अमेरिकेत नववी ते बारावी या चार इयत्तांच्या शाळेला हायस्कूल म्हणतात. आपल्याकडे तालमी आणि क्रीडा मंडळे जे काम करीत आली, ते तेथे बव्हंशी शाळेच्या संघांकडून होते. या संघांत वसंत ऋतूतील मैदानी स्पर्धा, म्हणजे धावण्याच्या शर्यती, उड्या आणि फेकीचे प्रकार, यांना मोठे स्थान आहे. मुलींमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा खेळ, तर मुलांमध्ये फुटबॉलच्या खालोखाल. २०१८-१९ या शालेय वर्षात सुमारे ११ लाख मुलेमुली त्यात उतरली होती.

या संख्येचे कारण सरळ आहे. बास्केटबॉलच्या संघात बारा-पंधरा जणांनाच जागा असते आणि उरलेल्यांना निवड चाचणीनंतर घरी पाठविले जाते. मैदानी खेळाच्या संघात मात्र बहुतेक शाळा येईल त्याला घेतात. जाडजूड साहित्य लागत नाही, घोडा लागत नाही, बर्फाचे मैदान लागत नाही. बुटांचा एक जोड आणि धावायला मोकळी जागा एवढ्यावर प्रारंभ होतो. म्हणूनच अमेरिकेच्या इतिहासात ज्यांना अन्य दारे बंद होती, त्यांच्यातील अनेकांना हे दार उघडे सापडले. क्लीव्हलंडच्या जेसी ओवेन्सला शाळा सुटल्यावर कामाला जावे लागे, म्हणून त्याच्या शिक्षकाने शाळा भरण्यापूर्वी त्याचा सराव घेतला. टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिलच्या विल्मा रुडॉल्फला बालपणी पोलिओ झाला आणि तिला कित्येक वर्षे पायाला आधार बांधून चालावे लागले. पोलिओ ही तिच्या पिढीची साथ होती. त्याच मुलीने १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. १९६८ साली मेक्सिकोत विजयमंचावर मूठ उंचावून वर्णद्वेषाचा निषेध करणारा टॉमी स्मिथ हा कॅलिफोर्नियातील शेतात राबणाऱ्या कुटुंबातला मुलगा होता.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगायचा की, या खेळाचा हंगाम बुडाला तर त्याची झळ कोणाला लागते हे आरंभीच स्पष्ट व्हावे. टेनिस आणि गोल्फ खेळणाऱ्यांपाशी खाजगी क्लब होते. धावणाऱ्यांपैकी बहुतेकांपाशी शाळाच होती.

घड्याळातील नोंद हीच शिफारस

मार्च २०२० मध्ये साथ पसरू लागली तेव्हा हंगाम नुकताच सुरू झाला होता. १२ मार्चला विद्यापीठीय क्रीडा संघटनेने आपल्या वसंत ऋतूतील सर्व अजिंक्यपद स्पर्धा रद्द केल्या आणि पुढील काही आठवड्यांत राज्यामागून राज्याने शालेय स्पर्धांवरही पडदा टाकला. कॅलिफोर्नियाच्या शालेय क्रीडा संघटनेने ३ एप्रिल रोजी हा निर्णय घेतला. त्या वेळी रोगाविषयी निश्चित ज्ञान फारसे नव्हते, रुग्णालये ओसंडत होती आणि न्यूयॉर्कमध्ये शवागारे अपुरी पडत होती. अशा स्थितीत झालेल्या बंदीला दोष देणे अन्यायाचे होईल.

परंतु बंदी सर्वांवर सारखी असली तरी तिचा भार सारखा नव्हता. ३० मार्च २०२० रोजी विद्यापीठीय संघटनेने ज्यांचा हंगाम बुडाला त्या खेळाडूंना एक वर्ष अधिक खेळण्याची मुभा दिली. विद्यापीठात आधीच असलेल्यांना हा न्याय होता. त्याची किंमत मात्र हायस्कूलच्या शेवटच्या वर्गांतील मुलांनी मोजली, कारण विद्यापीठांच्या संघांतील जागा अडून राहिल्या. त्या जागाही मुळात किती? त्या काळच्या नियमानुसार पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाला फुटबॉलसाठी ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, तर पुरुषांच्या मैदानी खेळासाठी १२.६ एवढ्याच. हा साडेबाराचा तुकडा विद्यापीठे डझनावारी खेळाडूंत वाटून देत. शिवाय मार्च २०२० पासून ३१ मे २०२१ पर्यंत विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना मुलांना प्रत्यक्ष भेटण्यास मनाई होती. फुटबॉलच्या खेळाडूची चित्रफीत पाहून त्याच्याविषयी मत बनविता येते. धावणाऱ्या मुलीची शिफारस म्हणजे स्पर्धेतील घड्याळात नोंदलेली वेळ. स्पर्धाच नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर ती मुलगी विद्यापीठाच्या लेखी अस्तित्वातच नाही.

ज्यांच्या आईबापांना परवडत होते त्यांनी या अडचणीतून वाट काढली. २०२१ च्या हिवाळ्यात निर्बंध सैल असलेल्या राज्यांत खाजगी आयोजकांनी स्पर्धा भरविल्या. व्हर्जिनिया बीच येथील बंदिस्त धावमार्गावर एका जोडे बनविणाऱ्या कंपनीच्या नावाने राष्ट्रीय स्पर्धाही झाली. विमानाचे अथवा मोटारीच्या दीर्घ प्रवासाचे भाडे, हॉटेलातील मुक्काम आणि प्रवेशशुल्क एवढे भरले की वेळेची नोंद मिळत होती. सार्वजनिक शाळेचे दार बंद असताना बाजाराचे दार असे उघडे होते. बाजारात शिरण्यासाठी जे लागते तेच येथेही लागले.

नियोजनाचे तंत्र अवघड नव्हते

धावण्याचा हंगाम निर्बंधांत बसविणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य होते काय? मुळीच नाही. मे २०२० मध्येच माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय क्रीडा महासंघाच्या वैद्यकीय समितीने खेळांची जोखमीनुसार तीन गटांत विभागणी करून दिली होती. कुस्ती आणि फुटबॉल यांना सर्वाधिक जोखमीच्या गटात घातले होते. वैयक्तिक धावण्याच्या शर्यती आणि फेकीचे प्रकार सर्वांत कमी जोखमीच्या गटात होते. उंच उडी, लांब उडी आणि बांबूच्या आधाराने घ्यावयाची उडी यांना मधल्या गटात घातले होते. तेथे एकाच गादीवर किंवा एकाच वाळूच्या हौद्यात एकामागून एक अंगे टेकतात, असा त्यामागील विचार होता.

या पायावर शाळाशाळांतील क्रीडाशिक्षकांनी बारकाईने आराखडे आखले. एरवी एका मोठ्या निमंत्रित स्पर्धेला पंचवीस-तीस शाळांची हजारभर मुले एका मैदानावर दिवसभर गर्दी करतात. त्याऐवजी दोन किंवा तीन शाळांच्या लहान भेटी ठरविता येतात. आठ मार्गिकांपैकी एकाआड एक मोकळी ठेवून चौघांना धावविता येते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत सर्वांना एका रेषेवर दाटीवाटीने उभे करण्याऐवजी लहान गटांनी सोडता येते. गोळा आणि थाळी प्रत्येकाने आपापली वापरावी, तंबूत एकत्र बसू नये, शर्यत संपली की घरी जावे, बक्षीससमारंभ करू नये, प्रेक्षक घेऊ नयेत, हे नियम कोणालाही समजण्यासारखे आहेत. बॅटन हातोहात जाते म्हणून रिलेचा प्रश्न बिकट वाटला, तरी एकाच शाळेतील, रोज एकत्र सराव करणाऱ्या चौघांपुरता तोही सुटू शकत होता.

कागदावर हे सगळे सोपे दिसते. मैदानावर त्याचा अर्थ काय होता हे पाहिले पाहिजे. स्पर्धा लहान केल्या की त्यांची संख्या वाढते. संख्या वाढली की वेळाधिकारी, पंच आणि मोजणीदार अधिक लागतात. या कामावर येणारी मंडळी बहुधा निवृत्त शिक्षक असतात, म्हणजे ज्यांना रोगाचा धोका अधिक त्याच वयाची. बसमध्ये एका बाकावर एकानेच बसायचे ठरले की एका संघाला दोन बसगाड्या लागतात. जंतुनाशक, जादा गोळे, जादा थाळ्या, रोजच्या प्रकृतीची नोंद ठेवणारा माणूस, हा सर्व खर्च कोणीतरी करावा लागतो. अमेरिकेतील शाळेचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करावर अवलंबून असते. म्हणजे ज्या वस्तीतील घरे महाग, तेथील शाळा संपन्न. उपनगरातील शाळेपाशी स्वतःचा ४०० मीटरचा कृत्रिम पृष्ठभागाचा धावमार्ग असतो, विजेवर चालणारे वेळमापक असते आणि पालकांची वर्गणीही असते. न्यूयॉर्क शहरातील कित्येक शाळांना धावमार्गच नाही. तेथील मुले एरवीही शाळेच्या बोळांतून, जिन्यांवरून आणि सार्वजनिक उद्यानांतून सराव करतात. महासाथीत बोळ बंद झाले म्हणजे त्यांचे मैदानच गेले.

नियम सर्वांना एक आणि साधने ज्याची त्याची, ही व्यवस्था समतेची नव्हे. तो विषमतेवर मारलेला सरकारी शिक्का होय. नियोजन याचा अर्थ नुसती नियमावली छापणे नसून नियमावली पाळण्याचे सामर्थ्य प्रत्येक शाळेच्या हाती देणे असा आहे. हे सामर्थ्य देण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी कोणी घेतली नाही.

फुटबॉलचा दबाव

मग निर्णय कोणत्या निकषांवर झाले? कॅलिफोर्नियाचे उदाहरण बोलके आहे. त्या राज्याने जिल्ह्यांना साथीच्या तीव्रतेनुसार जांभळा, तांबडा, नारिंगी आणि पिवळा असे चार रंग दिले होते. १४ डिसेंबर २०२० रोजी राज्याच्या आरोग्य खात्याने कोणता खेळ कोणत्या रंगात खेळता येईल याचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात मैदानी खेळांना जांभळ्या, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या जिल्ह्यांतही परवानगी होती. फुटबॉलला नारिंगी रंगापर्यंत वाट पाहावयाची होती. हा क्रम वैद्यकीय दृष्टीने सुसंगत होता.

परंतु दोन महिन्यांतच चित्र पालटले. फुटबॉलचे प्रशिक्षक आणि पालक संघटित झाले, मोर्चे निघाले, न्यायालयात दावे पडले. राज्यपाल न्यूसम यांच्याविरुद्ध त्याच सुमारास त्यांना पदावरून परत बोलावण्याची मोहीमही चालू होती. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी नियम सैल झाले. ज्या जिल्ह्यात लाख लोकसंख्येमागे रोजच्या नव्या रुग्णांचे प्रमाण १४ किंवा त्याहून कमी असेल, तेथे २६ फेब्रुवारीपासून फुटबॉलला मोकळीक मिळाली. खेळाडूंच्या साप्ताहिक तपासणीचा खर्च राज्य उचलील असेही सांगण्यात आले. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. सर्वांत कमी जोखमीच्या खेळाला हंगाम पार पाडण्यासाठी बसगाड्यांचे भाडे ज्याने त्याने पाहावे आणि सर्वाधिक जोखमीच्या खेळासाठी तपासणीची तजवीज शासनाने करावी, असा हा न्याय होता.

यातील आणखी एक व्यावहारिक बाब मैदानाशी संबंध नसलेल्यांच्या लक्षात येत नाही. अमेरिकन शाळेत धावमार्ग हा फुटबॉलच्या मैदानाभोवतीच आखलेला असतो. शरद ऋतूतला फुटबॉल वसंतात आणला की एकाच मैदानावर दोन हंगाम कोंबले जातात. एकाच मुलाने दोन्ही खेळांत भाग घ्यायचा तर त्याची ओढाताण होते. मैदान कोणाला आधी मिळाले असेल हे सांगावयास नको. त्या वर्षी कॅलिफोर्नियात मैदानी खेळांची राज्य अजिंक्यपद स्पर्धा भरलीच नाही. विभागीय स्पर्धांवरच समाधान मानावे लागले. २०१९ नंतर राज्य स्पर्धा पुन्हा झाली ती २०२२ साली.

एका इमारतीची कहाणी

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स या वस्तीत १६८ व्या रस्त्यावर एक प्रचंड लष्करी इमारत आहे. १९११ साली ती उभी राहिली. 'आर्मरी' या नावाने ती ओळखली जाते. विसाव्या शतकात पिढ्यान् पिढ्या शहरातील शाळकरी मुले तिच्या विशाल दालनात हिवाळी शर्यती धावली. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बेघरांची संख्या वाढली, तेव्हा शहराने त्या दालनात शेकडो खाटा मांडून निराधार पुरुषांचे आश्रयस्थान केले आणि धावमार्ग मोडीत निघाला. पुढे १९७४ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनचे विजेते डॉ. नॉर्बर्ट सँडर यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये तेथे पुन्हा धावणे सुरू झाले. आज २०० मीटरचा उत्तम धावमार्ग तेथे आहे आणि हिवाळ्यात हजारो शाळकरी मुले त्यावर धावतात.

जानेवारी २०२१ मध्ये ही इमारत लसीकरण केंद्र झाली. शर्यतींपेक्षा लस महत्त्वाची, याविषयी वाद होऊ शकत नाही. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो अमेरिकनांमध्ये करोनाने मरणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरेच अधिक होते. वॉशिंग्टन हाइट्स ही प्रामुख्याने डॉमिनिकन आणि अन्य लॅटिनो श्रमिकांची वस्ती आहे. दुकाने, स्वयंपाकघरे, रुग्णालये आणि भुयारी रेल्वे चालविणाऱ्या या माणसांना घरी बसण्याची चैन परवडणारी नव्हती. त्यांच्या मुलांनी आपला धावमार्ग त्यांच्या आजीआजोबांच्या लशीसाठी सोडून द्यावा यात एक उदात्त औचित्य होते.

परंतु घडले वेगळेच. प्रारंभीच्या दिवसांत केंद्रासमोरच्या रांगेत वस्तीतील माणसे थोडी आणि बाहेरून आलेले गोरे लोक पुष्कळ, असे दृश्य पत्रकारांना दिसले. वेळ आरक्षित करण्याची व्यवस्था संगणकावर होती. ज्यांच्यापाशी वेगवान इंटरनेट, इंग्रजी भाषा आणि तासन् तास पडद्यासमोर बसण्याची सवड होती त्यांनी जागा पटकावल्या. उपनगरांतून मोटारी येऊन लस टोचून परत जात होत्या आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीतील म्हातारी दूरध्वनी लावून थकत होती. याचा बोभाटा झाल्यावर नियम बदलले आणि किमान ६० टक्के जागा परिसरातील रहिवाशांसाठी राखून ठेवण्यात आल्या. राखीव जागांना गुणवत्तेचा अपमान म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. सर्वांना समान संधी म्हणून उघडलेले दार प्रत्यक्षात कोणासाठी उघडते हे येथे काही दिवसांतच दिसले, आणि त्यावरचा उपाय राखीव जागांचाच ठरला.

तेव्हा आर्मरीच्या प्रकरणात वस्तीतील मुलांचे दुहेरी नुकसान झाले. धावमार्ग गेला, आणि ज्या कारणासाठी तो गेला ते कारणही प्रथम त्यांच्या घरापर्यंत पोहोचले नाही.

शहराच्या सार्वजनिक शाळांच्या मैदानी हंगामाचेही असेच झाले. न्यूयॉर्क राज्याने कमी आणि मध्यम जोखमीच्या खेळांना २१ सप्टेंबर २०२० पासून परवानगी दिली होती. शहराबाहेरील जिल्ह्यांत स्पर्धा टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. शहरातील सार्वजनिक शाळांच्या मुलांना मात्र मार्च २०२१ पर्यंत नुसती वाट पाहावी लागली. तेव्हा कोठे एप्रिलपासून सराव, मेमध्ये स्पर्धा आणि उन्हाळ्यापर्यंत लांबविलेला हंगाम अशी घोषणा झाली. शाळा सुटूनही हंगाम चालू ठेवण्याची ही कल्पना चांगलीच होती. ती सहा महिने आधी सुचली असती तर अधिक चांगली ठरली असती. या शहरात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना शालेय संघांत खेळण्याची संधी कमी मिळते, अशा आशयाचा दावा २०१८ सालीच न्यायालयात दाखल झालेला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे महासाथीने विषमता निर्माण केली नाही. जुन्या विषमतेला तिने कुलूप लावून दिले.

दोन टोके आणि मधली वाट

या वादात दोन पक्ष होते. एक म्हणत होता, मुलांना खेळू द्या, धोका पत्करणे हा कुटुंबाचा अधिकार आहे, शासनाने मध्ये पडू नये. हे स्वातंत्र्य ऐकावयास गोड आहे. पण साथीचा रोग कुटुंबाच्या उंबरठ्याशी थांबत नाही. मोठ्या घरात राहणाऱ्याचा मुलगा बाधित झाला तर त्याला वरच्या मजल्यावर वेगळी खोली मिळते. दोन खोल्यांत तीन पिढ्या राहणाऱ्यांच्या घरात तोच रोग आजीपर्यंत जातो. एकाच्या स्वातंत्र्याचा खर्च दुसऱ्याच्या फुफ्फुसांनी द्यावा, याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

दुसरा पक्ष म्हणत होता, माणसे मरत असताना शर्यती कसल्या घेता? या भावनेत सहानुभूती होती, परंतु विचार अपुरा होता. मोकळ्या हवेत संसर्गाचा धोका बंदिस्त जागेपेक्षा पुष्कळ कमी असतो, हे २०२० च्या उत्तरार्धापर्यंत स्पष्ट झाले होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना महिनोन् महिने खोलीत पडद्यासमोर बसविणे हेही निर्धोक नव्हते. त्यांच्या मनावर आणि शरीरावर झालेला परिणाम हा आरोग्याचाच प्रश्न होता. कित्येकांसाठी शाळेचा संघ हाच शाळेत टिकून राहण्याचा धागा असतो. तो तुटला की मूल शाळेतून निसटते, आणि ते बहुधा गरिबाघरचे असते.

अतिरेकी नियमाचेही एक उदाहरण नोंदविण्यासारखे आहे. एप्रिल २०२१ मध्ये ऑरेगॉन राज्यात ८०० मीटरच्या शर्यतीत मुखपट्टी बांधून धावणारी एक विद्यार्थिनी अंतिम रेषेपाशी कोसळली. त्यानंतर काही दिवसांतच राज्याने मोकळ्या मैदानावरील, अंगाशी अंग न येणाऱ्या खेळांत स्पर्धेच्या वेळी मुखपट्टीची सक्ती काढून टाकली. नियम करणाऱ्यांनी धावणाऱ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना आधी विचारले असते, तर ही दुरुस्ती अपघाताची वाट पाहत बसली नसती. नियोजन वरून खाली येणारे फर्मान बनले की असे होते, आणि मग नियोजनाचे विरोधक त्याच चुकीचा झेंडा करून सारे निर्बंधच झुगारा म्हणू लागतात. लोकशाही समाजवादाचा आग्रह नेहमी हाच राहिला आहे की, ज्यांच्यासाठी योजना करावयाची त्यांना योजनेच्या मेजाशी जागा असली पाहिजे.

आकडे भरून आले, पण

२०२१-२२ च्या पाहणीत अमेरिकेतील शालेय खेळाडूंची एकूण संख्या २०१८-१९ च्या सुमारे ७९ लाखांवरून सुमारे ७६ लाखांवर उतरलेली दिसली. मैदानी खेळातील संख्याही सव्वादहा लाखांच्या आसपास आली. पुढे ती भरून निघाली आणि २०२३-२४ मध्ये एकूण संख्येने ८० लाखांचा टप्पा प्रथमच ओलांडला. हे पाहून कोणी म्हणेल की, झाले गेले विसरावे. परंतु हे नवे ८० लाख म्हणजे जुने खेळाडू नव्हेत. २०२० आणि २०२१ साली सतरा वर्षांचा असलेला मुलगा पुन्हा सतरा वर्षांचा झालेला नाही. कारखान्याचे उत्पादन पुढच्या तिमाहीत भरून काढता येते, मुलांच्या वयाला तशी सोय नाही.

शिवाय आणीबाणीचा लाभ उठविणारेही होते. २०२० साली तोट्याचे निमित्त करून अनेक विद्यापीठांनी पुरुषांचे मैदानी खेळाचे संघ बंद करण्याचा घाट घातला. सेंट्रल मिशिगनने संघ बंद केला. ब्राउन विद्यापीठाने बंदीची घोषणा केली, पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे एक महत्त्वाचे दार बंद होत असल्याचा आवाज उठताच काही दिवसांत ती मागे घेतली. क्लेमसनने नोव्हेंबर २०२० मध्ये केलेली घोषणा एप्रिल २०२१ मध्ये मागे घ्यावी लागली. फुटबॉलच्या प्रशिक्षकांना कोट्यवधींचे वेतन देणाऱ्या संस्थांना धावणाऱ्या मुलांचा खर्च परवडेनासा झाला होता. जेथे विद्यार्थी संघटित झाले तेथे संघ वाचला, हा यातला घेण्यासारखा बोध आहे.

पुढच्या वेळेसाठी

महासाथ पुन्हा येणार नाही असे कोणताही शहाणा वैद्य सांगणार नाही. तेव्हा शालेय खेळांचे नियोजन कसे असावे याचा विचार आजच व्हावा. पहिली गोष्ट, खेळ उघडण्याचा क्रम जोखमीने ठरावा, खेळाच्या उत्पन्नाने वा त्याच्या पाठीराख्यांच्या संख्येने नव्हे. दुसरी, प्रत्येक निर्बंधासोबत तो पाळण्याचा खर्च शासनाने द्यावा, आणि तो आधी निर्धन शाळांना द्यावा. तिसरी, सार्वजनिक मैदाने, उद्याने आणि बंद ठेवलेले रस्ते ठरावीक वेळी ज्या शाळांना मैदान नाही त्यांच्या स्वाधीन करावेत. चौथी, एखादे क्रीडागृह रुग्णसेवेसाठी घ्यावेच लागले तर त्या सेवेत परिसरातील लोकांचा वाटा पहिल्या दिवसापासून राखलेला असावा आणि मुलांना पर्यायी जागा दिली जावी. पाचवी, लहान स्पर्धांतील नोंदींना मोठ्या स्पर्धांइतकीच मान्यता असावी, म्हणजे वेळेची नोंद विकत घेण्यासाठी कोणाला परराज्यात जावे लागणार नाही.

महाराष्ट्राने हे दूरचे गाऱ्हाणे समजून कानाआड करू नये. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, २०२१ ची दहावीची परीक्षाही रद्द करावी लागली, आणि तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनी चढणारी शालेय स्पर्धांची साखळी तुटली. परंतु हंगामाचे काय करावे, या प्रश्नावर आपल्याकडे अमेरिकेइतकाही वाद झाला नाही, कारण शाळकरी मुलांचा खेळ हा हक्क आहे असे आपण अद्याप मानलेलेच नाही. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर आणि आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे यांच्यावर आपण पुष्कळ कौतुक उधळतो. त्या दुष्काळी गावांतील आजच्या मुलींना मोजमाप केलेला धावमार्ग किती अंतरावर मिळतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून सायंशाखांवर खेळाला जे स्थान दिले त्यामागे पदकांचा विचार नव्हता. जातिपातींच्या मुलांनी एका मैदानावर यावे आणि बरोबरीने धावावे, एवढाच हेतू होता. तो हेतू शासनाच्या अंदाजपत्रकात अजून शिरावयाचा आहे.

प्रत्येक माध्यमिक शाळेच्या पायी अंतरावर एक सार्वजनिक मैदान, प्रत्येक तालुक्यात एक मोजलेला धावमार्ग आणि आणीबाणीतही त्यावर मुलांचा हक्क सांगणारी एक लेखी योजना, एवढी मागणी शिक्षक संघटनांनी, पालकांनी आणि ग्रामसभांनी आतापासून लावून धरली पाहिजे. साथ येऊन ठेपल्यावर आखलेला आराखडा ज्यांच्यापाशी आधीच सर्व काही आहे त्यांच्याच उपयोगी पडतो, हे अमेरिकेतील त्या हंगामाने पुरेसे दाखवून दिले आहे.